खिळ्याचे पैसे वेगळे

रात्री साडेदहाले फोन येते, फिनलंडातून.
लकडगंजात तवा आरा मशीन बंद झालेली असते,
भुसा खाली बसलेला, भुशावर कुत्रं.
"बारापात्रेजी, टेबल दाखवा ना परत."
पाच दिवसांपासून दाखवूनच राहिलो.

महापालिकेची एक शाळा उठली, बेंच लिलावात निघाले,
एकशे सोळा. पायांचं लोखंड भंगारात गेलं,
फळ्या माह्याकडे. सहा जोडून एक टेबल.
मी बत्तीस हजार म्हटलं, ती म्हणे अठरा.
म्हटलं, बाई, तुम्ही राहता तिथं
जंगलाशिवाय दुसरं काही नाही म्हणतात,
मंग लाकूड नागपुरातून काऊन?
"इथं सगळा पाइन. पाइनले काय लाकूड म्हणता?"
मले हसू आलं. एक हजार तिथंच सुटले.

मंग म्हणे, ठोकून दाखवा.
बोटाच्या पेरानं ठोकलं.
फोन जवळ न्या. अजून. ती डावीकडची फळी.
"हे सागवान नाही, बीजा आहे.
पाचच फळ्या सागाच्या."
मी इस्माईलकडे पाह्यलं,
इस्माईल वर पंख्याकडे.
तीस वर्षं झाले या धंद्यात,
मोबाइलवरून लाकूड ओळखणारं गिऱ्हाईक हे पहिलं.

"माहा बाप इथंच हमाल होता," ती म्हणे.
"ट्रकातून ओंडका पडला की आवाजावरून सांगे
आलापल्लीचा का मेळघाटचा.
संध्याकाळी माय त्याच्या खांद्याले हळद लावे
अन् आम्ही पोरं त्याची पाठ ठोकून पाहो."
नाव सांगतलं. झिबल मेश्राम.

त्या रात्री माळ्यावर चढलो.
बाबांच्या हमालीच्या वह्या होत्या तिथं,
वाळवीनं माह्या आधी वाचून टाकलेल्या.
कुठं नुसता 'मे', कुठं अर्धा अंगठा,
कुठं सव्वा रुपया, अन् समोर कोणीच नाही.

सापडलं म्हणून सांगता आलं असतं.
दोन हजार तरी निघाले असते त्यात.
दुसऱ्या दिवशी सांगतलं, नाही सापडलं.
लय वेळ गप्प होती. मागं तिचं पोरगं
तिकडच्या भाषेत काहीतरी मागून राहिलं होतं.
मंग म्हणे, "बरं. बीजाच्या फळीचे तरी कमी करा."

बाबा असेच घासत हमालांशी, चार-चार आण्यांसाठी.
गल्ल्याशेजारी बसून मी बेरीज शिकलो ती त्याच्यावर.
अन् आता मी घासून राहिलो, ती घासून राहिली,
दोघांपैकी कोणालेच घाई नाही.

एकवीसवर आलो. तिनं हो म्हटलं.
मंग म्हणे, भोकं बुजवू नका.
खिळ्याची भोकं, शाईचे डाग,
कोण्या पोट्ट्यानं कर्कटकानं कोरलेलं 'नापास',
सगळं तसंच पाहिजे.
बाबांचा जन्म लांबी भरण्यात गेला,
भोक दिसलं की दुकानाची इज्जत गेली, म्हणत.
"भोकं ठेवायची तर वरून पंधराशे."
"काहीच न करायचे पंधराशे?"
"हात आवरायचे. इस्माईलले आवरत नाही."
हजारात तुटलं.

पेटी मंगळवारी गेली.
जहाजाचं भाडं टेबलापेक्षा जास्त,
त्याच्यावर तिनं चकार शब्द काढला नाही.
कंपनीच्या कागदाशी कोण घासाघीस करते?

काल परत फोन. साडेदहा.
टेबल अजून समुद्रातच आहे.
"बारापात्रेजी, त्या फळ्यांतून खिळे निघाले असतील ना?"
तेलाचा डबा पायाशीच होता, गंजक्या खिळ्यांनी अर्धा भरलेला.
पायानंच हलवला, तिले ऐकू जाईल इतका.
"निघाले तर. पण खिळ्याचे पैसे वेगळे."
"किती?"
"तुम्हीच बोला."